भट्टीचे खरे वय

मित्रांनो, मी आपिया शहराच्या बाजारामागची जुनी विटांची भट्टी आहे, आणि जुनी असल्याचा मला अभिमान आहे. माझी मालकीण तेलेसिया हिच्या वडिलांनी माझी एकेक वीट स्वतः रचली. नारळाच्या दुधातले गोड पाव माझ्या पोटात फुगतात, तेव्हा सारी गल्ली दरवळते. मध्यंतरी गॅसच्या भट्ट्या आल्या. मी थंड पडले. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. तेलेसियाने मला दुरुस्त केले, दुकान थाटले आणि गिऱ्हाइकांची रांग पुन्हा लागली.

धंदा वाढला तसा कराचा गुंताही वाढला. तिचा नवरा इओसुआ चर्चमध्ये आपल्यासोबत गाणाऱ्या आलापाती नावाच्या कर सल्लागाराला घेऊन आला.

“कर जवळजवळ शून्यावर आणतो,” आलापाती हसत म्हणाला. “ही भट्टी यंदाच विकत घेतली असं दाखवू, म्हणजे तिची सगळी किंमत खर्चात धरता येईल. तुम्ही फक्त सही करा.”

मला कालची ठरवतो? माझा संताप संताप झाला!

“आणि चौकशी आली तर?” तेलेसियाने विचारले.

“तेव्हाचं तेव्हा बघू, ताई.”

तो गेल्यावर इओसुआ म्हणाला, “अगं, आपला माणूस आहे. गातो काय सुरेख!”

“मग गायला बोलवू त्याला. सही माझी आहे, अडकणारही मीच.”

पुढच्या आठवड्यात तिने लुपेपाउबाई या दुसऱ्या कर सल्लागारांना बोलावले. त्याआधी त्यांचा परवाना खरा आहे ना, ते पाहिले आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या दोन दुकानदारांना विचारले. बाईंनी कर कमी करण्याचे वचन दिले नाही. माझ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “जुनी आहे, जुनीच लिहायची. पण दुरुस्तीचा खर्च वजा करायचा का सोडलात? तो तुमच्या हक्काचा आहे. चौकशी आली तर मी शेजारी बसेन. मात्र माझ्यापासून काही लपवलंत, तर तुमचं काम सोडून देईन.”

“जीभ फार कडू आहे हिची,” इओसुआ नंतर पुटपुटला.

“असू दे. गोड आपण विकतो की!”

पावसाळा सरला आणि खरेच कर खात्याचा तपासनीस आला. तेलेसियाने हिशेबाच्या वह्या मांडल्या. लुपेपाउबाई शेजारी बसल्या आणि तो विचारेल ते शांतपणे दाखवत गेल्या. तपासनीसाने माझ्याकडे बोट केले. “ही खरंच इतकी जुनी?”

“माझ्या बाबांनी बांधली,” तेलेसिया म्हणाली.

त्याला खोट सापडली नाही. इओसुआने स्वतः बाईंच्या हातात गरम पाव ठेवले.

मित्रांनो, आपला धंदा कुणाच्या हाती सोपवाल, तेव्हा तो कर किती वाचवतो एवढेच विचारू नका. तो खोटे बोलायला लावतो का आणि अडचणीत शेजारी बसतो का, हेही पाहा. एवढी काळजी घेतलीत, तर कुणाहीपुढे आपल्या बाबांचे नाव ताठ मानेने घेता येते.