समोरची खुर्ची

"ताई, आत कोणीतरी आहे," नवी वाचणारी म्हणाली आणि तिने हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"आहे ना. तू!" मी काचेपलीकडून माईकवर खेकसले. भर दुपारी भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला मला पगार मिळत नाही.

आम्ही बोलता शब्दकोश बनवतो. इंग्रजी शब्द, त्याचे मराठी अर्थ, प्रत्येक अर्थाला एक वाक्य. वाचणारा आतल्या खोलीत बसतो, मी बाहेर रेकॉर्डिंग सांभाळते. आधी माझा थोरला भाऊ वाचायचा. समोर माणूस बसल्याशिवाय दादा तोंड उघडायचा नाही. "भिंतीला काय अर्थ सांगू, कपाळ?" म्हणायचा. मग मी मशीन चालू करून आत जायचे आणि त्याच्या समोरच्या खुर्चीत बसायचे. वाक्य खोटं वाटलं की मी नाक मुरडायचे, तो मुकाट्याने पुन्हा वाचायचा.

'कम्युनिटी' हा शब्द अर्धा ठेवून तो गेला. घरीच, झोपेत. तीन अर्थ वाचून झाले होते. एका ठिकाणी राहणारी माणसं, एका व्यवसायातली माणसं, एका धर्माची किंवा भाषेची माणसं. त्यावरून आम्ही कडाकडा भांडलो होतो. 'समाज' म्हटलं की कोणी भाषणाला उभं राहिल्यासारखं वाटतं आणि 'मंडळी' म्हटलं की जेवायला बसल्यासारखं, असं त्याचं म्हणणं. चौथा अर्थ राहिला होता, सोबत असल्याची भावना. "हा उद्या. आज दम नाही," म्हणाला. दमेकरी होता बिचारा.

त्यानंतर मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. नवीला एकटीलाच आत बसवायचे.

"मी थांबले की ऐकू येतं," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "मला नाही जमायचं. उद्यापासून मी येणार नाही."

मी रेकॉर्डिंग लावलं. तिचं वाक्य संपलं आणि मागच्या शांततेत कोणीतरी श्वास सोडला. शेवटी बारीकशी शिट्टी. लहानपणी शेजारच्या अंथरुणातून तो श्वास ऐकत मी झोपायचे. तो काय मी ओळखणार नाही?

वाक्यांमधल्या फटी बुजवायला आम्ही खोलीतली नुसती शांतताही रेकॉर्ड करून ठेवतो. वाटलं, दादा आत बसलेला असतानाची जुनी शांतता माझ्याच हातून चुकून जोडली गेली. तपासलं. तसं काही नव्हतं. पंखा बंद, दार बंद. तिला पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा तोच श्वास.

घाबरायचं सोडून मला आनंद झाला, अगदी हावऱ्यासारखा. "अजून एकदा वाच," मी म्हणत राहिले, आणि ती पोर रडवेली होऊन वाचत राहिली.

शेवटी ती म्हणाली, "ताई, निदान तुम्ही तरी इथे येऊन बसा ना. ही समोरची खुर्ची रिकामीच आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाचणाऱ्यासमोर माणूस हवाच, हा हट्ट त्याचाच. मी येईना, म्हणून हा येऊन बसला होता. आणि मी बसले की हा उठणार, हेही मला कळून चुकलं.

मला आत जायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. पण काचेतून पोर डोळे पुसताना दिसत होती, आणि दादाचा शब्द अजून अर्धाच होता.

गेले. बसले. खुर्ची गार होती.

"सोबत असल्याची भावना," तिने वाचलं. "त्या घरात कोणालाही एकटं वाटू दिलं जात नसे."

मी सवयीने नाक मुरडलं. तिने पुन्हा वाचलं, या वेळी माझ्याकडे बघून.

दोघींनी बाहेर येऊन ऐकलं. वाक्य, मग नुसती कोरी शांतता. घाईघाईने आधीची रेकॉर्डिंगं लावली. तीही कोरी.

"गेलं, ताई!" ती टाळी वाजवून हसली.

"गेला," मी म्हणाले, आणि तिच्यादेखत हमसून हमसून रडले.

ती बिचारी गडबडली. पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवून तिने हळूच विचारलं, "उद्या नेहमीच्याच वेळी येऊ ना?"

"ये," मी म्हणाले. "आणि त्या खुर्चीवर तुझी पर्स ठेवू नकोस. तिथे मी बसते."