कोऱ्या चादरीचे बूट

पुण्याच्या दुकानदाराने फोनवर साफ सांगितलं होतं, की बुटांचा नमुना महिनाभर घाला, चार वेळा धुवा, टिकला तर बोलू. दानेश्वरीने पहिला जोड एकदाच धुतला आणि त्याची पार वाट लागली. कापड आटलं, शिवण उसवली, पाऊल आत शिरेना.

इकडे गावी, भवानी पेठेतल्या तिच्या वडिलांच्या चादरींच्या कारखान्यात आता दोनच माग उरले होते. तेही भंगारात जाऊ नयेत म्हणून तर तिने हा घाट घातला होता. विणताना चुकलेल्या, डाग पडलेल्या चादरींचे स्नीकर करायचे. तळ जुन्या टायरचा आणि तोही शिवलेला, म्हणजे झिजला की मोच्याकडून नवा घालून घेता येतो. नाहीतर काय, शाळेत पीटीला घालायचे तसलेच कॅनव्हासचे बूट आता नाव बदलून हजारोंना विकतात, आणि तळ सुटला की चालले उकिरड्यावर!

तिचे वडील गुरुसिद्धप्पा यांना हे पहिल्यापासूनच पटलं नव्हतं. पांघरायची चीज पायात? आठ दिवस ते लेकीशी धड बोलले नाहीत. बूट आटल्यावर मात्र म्हणाले, झालं समाधान?

दानेश्वरीने दात-ओठ खाल्ले आणि जोड उसवायला घेतला. तिची आई नीलम्मा बघत बसली होती. ती सहज म्हणाली, "बाळाला कोरी चादर कधी गुंडाळलीय का आपण? तीनदा धुतो की."

दानेश्वरीने कपाळावर हात मारला. मागवाल्याच्या घरात वाढलेली पोर ती! विकायच्या चादरीला पाणी लावायचं नाही, खळ मोडली की गिऱ्हाईक जुनी समजतं, हे तिच्या हाडात भिनलेलं. म्हणून तिनेही कापड कोरंच कापलं होतं.

तिने चादरींचा गठ्ठाच्या गठ्ठा गच्चीवरच्या हौदात बुडवला. अप्पा धावत आले. गच्चीवर ओल्या चादरी बघून पेठेत काय म्हणतील, गुरुसिद्धप्पा जुना माल विकतो?

"अप्पा," ती हात न थांबवता म्हणाली, "पाण्याला भिणारी चादर विकूच नका की मग."

हे त्यांना लई झोंबलं. ते तरातरा खाली गेले. तिसऱ्या धुण्यानंतर मात्र स्वतःच टेप घेऊन वर आले, कापड चार बोटं आटलंय आणि आता आणखी आटत नाही हे दोनदा मोजून बघितलं, आणि आठ नंबरचा जोड कापायला सांगितलं. कुणासाठी, असं तिने विचारलं.

"माझ्यासाठी. माझी चादर किती टिकते ते मीच बघणार."

महिनाभर ते त्याच बुटांनी हिंडले. लोक हसले, हसू देत! दर रविवारी स्वतः नळाखाली बसून त्यांनी जोड धुतला.

ठरल्या दिवशी पुण्याचे गृहस्थ स्वतःच आले. त्यांनी शिवण ओढून बघितली, तळ वाकवून बघितला, आणि दोनशे जोड सांगितले. दानेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही माग वाचले होते. जाताना त्यांनी तो जोड पिशवीत टाकला. दुकानात मांडू म्हणाले.

अनवाणी उभ्या असलेल्या अप्पांनी पिशवी हातातून काढून घेतली.

"नवे दोनशे न्या की," ते म्हणाले. "ह्यो मिळायचा न्हाय."