बदललेला शेवट

प्रेमाच्या कादंबरीत वाचक काय वाट्टेल ते चालवून घेतो. नायकाला नोकरी नसली तरी चालते, नायिका पानोपानी रडली तरी चालते. पण चारशे पानं वाट बघायला लावून लेखकाने तिला शेवटी मारलं, की वाचक भडकतो. निदान मी तरी भडकते. बाविसाव्या वर्षी तर या बाबतीत मी स्वतःला लेखकांपेक्षा शहाणी समजत होते.

तेव्हा, म्हणजे त्र्याण्णव साली, आम्ही काशीत दूधविनायक मोहल्ल्यात राहत होतो. शरदिनीआत्या आमच्याकडेच असे. लग्न केलेलं नाही, मुलींच्या शाळेत शिकवून रिटायर झालेली, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, पिकू द्या, मग ऑपरेशन करू. तोवर दुपारी तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. ढुंढिराजकाकांच्या मराठी वाचनालयातून मी पुस्तकं आणायचे.

ऐकणारी म्हणून आत्या फार कडक. नायक जरा गोड बोलला की म्हणायची, "इंदू, असं कोण बोलतं गं? लेखकाने मेहनत चुकवली." पण ऐकायची मात्र कान देऊन.

त्या श्रावणात आणलेल्या कादंबरीत नायिका तीस वर्षांनी जुन्या प्रियकराला पत्र लिहिते आणि उत्तर यायच्या आत मरते. माझं डोकंच सणकलं. मी वाचता वाचता तिला जगवलं. उत्तर आलं, मागोमाग तोही आला, असं मनानेच जोडून दिलं. याआधीही दोन-चार शेवट मी असेच दुरुस्त केले होते आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

या वेळी आत्याने लेखकाला नावं ठेवली नाहीत. म्हणाली, "एक चिठ्ठी लिहायची आहे. घरात कुणाला बोलू नकोस."

शिवराम नावाचे एक विद्यार्थी चाळीस वर्षांपूर्वी आजोबांकडे संस्कृत शिकायला येत. त्यांची आणि आत्याची मनं जुळली, पण आजोबांसमोर तोंड उघडायची हिंमत एकालाही झाली नाही. ते ग्वाल्हेरला मास्तर झाले. त्यांची बायको वारल्याचं आत्याला कुणाकडून तरी कळलं होतं. पत्रात तिने फक्त खुशाली विचारली. ते पोस्टात टाकताना मला, खरं सांगते, माझाच अभिमान वाटला.

दीड महिन्याने उत्तर आलं. 'तुमचं पत्र मी दिवसभर खिशात घेऊन फिरलो. इतकी वर्षं आपण वाट पाहत होतो हे मला आज कळलं. कार्तिकी पौर्णिमेला गंगास्नानाला येतो आहे. तुमची दोन ओळींची संमती आली तर घरी येईन. नाही आली तर तुम्हाला अडचणीत टाकणार नाही.'

वाचून झाल्यावर मी आत्याकडे पाहिलं.

"छान केलंस," ती म्हणाली. "आता खरं काय लिहिलंय ते वाच."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. परवा शेजारची बकुळ आली होती. तिने तीच कादंबरी वाचली होती. "'मर जाती है बेचारी,' म्हणाली. मी म्हटलं, नाही गं, तो येतो. तर ती हसायलाच लागली."

"आत्या, ते पुस्तकातलं होतं. सच्ची, यात एक अक्षर माझं नाही."

"खिशात घेऊन फिरलो म्हणे. ते असं बोलणारे नव्हते, हे तुझं आहे. नाही म्हणाले असतील तर तसं सांग. मी काही मरत नाही."

मी गंगेची शपथ घेतली. बाबांना वाचायला देऊ का म्हटलं, तर ती घाबरून "खबरदार" म्हणाली. मग माझंही डोकं फिरलं. "नाही ठेवायचा भरोसा तर नको ठेवूस," म्हणून मी चिठ्ठी तिच्या ट्रंकेत फेकली. किती तरी दिवस तिच्याशी धड बोलले नाही. त्या दिवसांत मी स्वतः दोन ओळी लिहू शकले असते. पत्ता माझ्याकडे होता. पण खोटारडी ठरल्याचा राग मोठा होता, आणि तो उतरला तेव्हा पौर्णिमा परवावर आली होती.

पौर्णिमेला पहाटे मी शिंदे घाटावर गेले, तिथून चालत राजा घाटापर्यंत. साठीपुढचे किती तरी पुरुष पाण्यात उभे होते. शिवरामांना मी कधी पाहिलेलंच नव्हतं. दोघांना विचारलं, "आप ग्वालियर से?" ते नाही म्हणाले, आणि मी घरी आले.

फाल्गुनात आत्याचं ऑपरेशन झालं, चैत्रात जाड चष्मा आला. पहिल्याच दिवशी तिने ट्रंक उघडून चिठ्ठी काढली आणि खिडकीपाशी बसून दोनदा वाचली.

"अक्षर त्यांचंच आहे," ती म्हणाली. मग चिठ्ठीची घडी घालत, "तू बरोबर वाचलं होतंस."

"आता लिहूया का?"

"काय लिहू? तुमची चिठ्ठी खरी वाटली नाही, असं?"

मी माफी मागितली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, राग नाही म्हणाली, आणि तो नव्हताच. शिवरामांना तिने पत्र लिहिलं नाही. पुस्तकं मात्र ती स्वतः वाचू लागली. डोळे दुखले की मिटून नुसती बसायची. मी शेजारीच असायचे. मला वाचायला तिने पुन्हा कधी सांगितलं नाही.