मावशींचा हात आणि माझ्या मिशा

मी एक म्हातारा मिशाळ मासा आहे. दुकानातल्या पाटीवर माझे नाव ‘कॅटफिश’ असे लिहिले होते. पण मिशा सोडल्या तर मांजराचे माझ्यात काहीच नाही. धीट तर मी मुळीच नव्हतो. मित्रांनो, तुम्ही जिभेने चव घेता, मी मिशांनी घेतो. एवढेच काय, माझ्या कातडीलाही चव कळते. त्यामुळे कोणतीही गोष्ट चाखून पाहिल्याशिवाय मला समजत नाही. ही चैन आहे आणि कटकटही.

मी बोटाएवढा असताना दातांच्या एका डॉक्टरांनी मला दवाखान्यातल्या काचेच्या टाकीत आणले. बाकावर बसलेल्यांनी मासे बघत दुखणे विसरावे, असा त्यांचा बेत होता. लाल-पिवळे मासे काचेशी मिरवत. मी मात्र तळाशी आडव्या पडलेल्या कुंडीत दडी मारून बसे आणि दिवा गेला की उरलेसुरले खाई. दोन वर्षांत लोकांना माझी फक्त शेपटी दिसली.

शेवटी डॉक्टर वैतागले. “मावशी, हा मासा आहे की भाडेकरू? महिनाअखेरपर्यंत तोंड दाखवलं नाही, तर दुकानात परत देऊन टाका.”

मावशी म्हणजे त्यांच्या मदतनीस. दातात भरायचे मिश्रण कालवणे, हत्यारे उकळणे आणि घाबरलेल्यांचा हात धरणे ही त्यांची कामे. “परत कशाला, डॉक्टर? मी आणते त्याला माणसांत,” त्या म्हणाल्या. मी कुंडीत आणखी आत सरकलो. दुकानातल्या टाकीत खाण्यासाठी झुंबड उडते. तिथे मी उपाशीच मेलो असतो.

शेवटचा रुग्ण गेला की मावशी टाकीचा दिवा घालवत. खाण्याची गोळी चिमटीत धरून हात कुंडीच्या तोंडाशी ठेवत आणि जराही हलवत नसत. हे पाच फांद्यांचे काय असेल, या कुतूहलाने मी एक मिशी बाहेर काढली. ती झणझणली आणि चक्क बधिर झाली! मी धूम ठोकली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. डबीतून थेट पडलेली गोळी मला झकास लागे. मग हातातलीच का झोंबावी? मी डोके खाजवले असते, पण खाजवणार कशाने?

“अरे, मी काय खाते का तुला?” मावशी विचारत. दंड भरून आला तरी त्या हात काढत नसत. मला फार वाईट वाटे.

महिना संपायला एक दिवस उरला. तो रविवार होता, दवाखाना बंद होता. मावशी खास माझ्यासाठी घरून आल्या. हात पाण्यात आला. मी भीत भीत मिशी लावली. किंचित खारट, कोमट, बस्स! मग मी पाचही बोटे चाखली आणि गोळी मटकावली.

मावशी श्वास रोखून बसल्या होत्या. “आज काय झालं रे तुला?” असे म्हणत त्यांनी दुसरा हात हुंगला. त्याला रोजचा वास नव्हता. मग त्यांची नजर कपाटातल्या बाटलीवर गेली. “अगं बाई! लवंगेचं तेल! दुखरा दात बधिर करायचं तेल मी रोज तुला चाखवत होते!” त्या हसल्या आणि त्यांचे डोळेही भरून आले.

सोमवारी त्यांनी बाटलीला हात लावला नाही. त्या तेलातले मिश्रण डॉक्टरांनी कालवले. संध्याकाळी मी मावशींच्या हातातून खाताना पाहून डॉक्टर लहान मुलासारखे हरखले. “आता मी!” म्हणत त्यांनी सरळ हात बुडवला आणि मी पुन्हा कुंडीत.

“माझ्यावर राग आहे का त्याचा?” ते हिरमुसले.

“राग नाही हो. हात हुंगा आधी.”

दुकानाचा विषय पुन्हा कधीच निघाला नाही.

आता मावशी कामावर येत नाहीत. डॉक्टर सुट्टीच्या दिवशी बाही दुमडून बसतात. हे बोट मावशींचे नाही, हे मला पहिल्या मिशीलाच कळते. मला त्यांची आठवण येते, तरी मी जातो. कारण हा हातही आता थांबायला शिकला आहे.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत कुणी दडून बसणारा असेल, तर त्याला ओढून बाहेर काढू नका आणि भित्राही म्हणू नका. आपल्या हाताला काय लागले आहे, ते बघा. मग हात पुढे करून थोडे थांबा. बहुतेक वेळा त्याने एक मिशी आधीच बाहेर काढलेली असते.