खोपीतले मन्सूरभाई

मन्सूरभाई तीस वर्षं जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. जहाज सोडून दाभोळला घरी आले त्याला आठ वर्षं झाली, पण जहाज काही त्यांना सोडीना. त्यांच्या बायकोला, साबेराला, विचारा!

प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही शेजारच्या ग्रंथींपर्यंत पसरलेला. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, आधी किरणोत्सारी औषधाची दोन इंजेक्शनं देऊ. ते औषध कॅन्सरच्या पेशी हुडकतं आणि तिथंच मारा करतं. उपचार नवा आहे, खात्री नाही देत. गाठ आकसली तर ऑपरेशन, नाहीतर ऑपरेशनचं नाव नको. आणि प्रत्येक इंजेक्शननंतर सात दिवस गरोदर बाईपासून लांब राहा.

दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी घरात लेक महरीन, पहिल्या बाळंतपणाला आलेली!

मन्सूरभाई सरळ परसातल्या होडीच्या खोपीत जाऊन राहिले. दाराला साबेराची पिवळी ओढणी बांधली. आजाराची तपासणी बाकी असली की जहाज बंदराबाहेर पिवळं निशाण लावून थांबतं ना, तसं. मासेवाली तुळसा ती ओढणी बघून हरखली. "हळद कोनाची गो? माला आवतण नाय?" साबेरा हसून हसून खाली बसली.

सात दिवस झाले. आठवा उजाडला, दहावा उजाडला. स्वारी खोपीतच!

"अहो, डॉक्टरांनी सातच सांगितलेले. या आता घरात."

"बंदराच्या डॉक्टरचा कागद आल्याशिवाय जहाज धक्क्याला लागत नाही, साबेरा."

"जहाज गेलं खड्ड्यात!" ती करवादली. पण तिला कळत होतं, माणूस भ्यालाय. बाळाला काही होईल म्हणून, आणि गाठ आकसलीच नसेल म्हणून. तीही भ्यालेली होती. अर्धा संसार तिनं वाट बघण्यात काढला होता. आत्ता कुठं घरी आलेला माणूस तिला घालवायचा नव्हता.

इंजेक्शननंतर सहा आठवड्यांनी मुंबईत स्कॅन झाला. दोन दिवसांनी सकाळी फोन वाजला. महरीन अंगणात खुर्चीवर, मन्सूरभाई खोपीच्या दारात, मध्ये फोन धरून साबेरा. तिनं स्पीकर लावला.

"गाठ निम्म्याहून लहान झालीय," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करता येईल. पंधरवड्यानं या."

मन्सूरभाईंनी तिथूनच ओरडून विचारलं, "डॉक्टरसाहेब, मी लेकीजवळ बसू का?"

"म्हणजे? अजून बसला नाहीत? सात दिवसांनंतर केव्हाही बसायचं होतं की!"

"सांगत नव्हते मी?" साबेरा कडाडली, आणि मग ढसाढसा रडली.

मन्सूरभाई अंगण ओलांडून आले, महरीनच्या शेजारी टेकले. तिनं त्यांचा हात पोटावर ठेवला. बाळानं अशी काही लाथ हाणली की आजोबा दचकले.

दुपारी साबेरानं नारळाच्या दुधातली सांदणं उकडली आणि ताट घेऊन तुळसाकडे निघाली.

"काय झाला गो पोरीला?" तुळसानं दारातूनच विचारलं. "पोरगा की पोरगी?"

"तिला अवकाश आहे अजून. ह्यांचं ऑपरेशन ठरलं!"

तुळसा बघतच राहिली. नवऱ्यावर सुरी चालणार म्हणून गोडधोड वाटत फिरणारी बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती. साबेरानं तिच्या तोंडात सांदण कोंबलं.

"खा गो, खा! आता कापता येतं त्यांना!"