डावा खांब

फाटकाचा डावा खांब पुन्हा खरवडला, तेव्हा मुलाने खुंटीवरची गाडीची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हाताऱ्याने घर डोक्यावर घेतलं.

म्हातारा म्हणजे बसच्या वर्कशॉपचे निवृत्त फोरमन. निवृत्त आपले कागदावर. घरातला नळ, पंखा, सुनेचं शिवणयंत्र, सगळ्यांवर त्यांचा हुकूम अजून चालायचा. माणसांवर तेवढा चालेनासा झाला होता.

"स्टिअरिंग जड झालंय," ते ओरडले. "चाकं वळवणारा रॅक गळतोय. तेल उतरलं की गाडी ऐकत नाही, जाते खांबावर. यात माझा काय दोष?"

रॅक गळत होता, हे मात्र खरं. फरशीवर लाल तेलाचं थारोळं होतं आणि चाकामागचं रबरी आवरण दाबलं की पचकन तेल बाहेर यायचं. मुलगा वरमला. "बरं, गॅरेजमध्ये टाकतो."

"मी मेल्यावर टाक! घरी करतो मी. आणि मग वर्कशॉपचा नियम. स्टिअरिंगचं काम ज्याने केलं, पहिली फेरी त्याने मारायची आणि वरच्या माणसाने शेजारी गप्प बसून बघायचं. तू बस. गाडी नीट गेली तर किल्ली खुंटीवर. नाही गेली तर तुझी, जन्माची."

एवढा जीव त्या किल्लीत का? बायकोला गुडघ्यांसाठी दवाखान्यात न्यायचं आणि येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायचं, एवढंच तर सुख उरलं होतं. त्या गाडीत बसल्यावर दोघांना कुणाला काही विचारावं लागत नसे. हल्ली ती शेजारी बसून सारखी "अहो, इकडे बघा, इकडे बघा" करायची. म्हातारपणी बायका भित्र्या होतात, असं फोरमननी ठरवून टाकलं होतं.

काम मात्र देखणं झालं. गाडी ठोकळ्यांवर चढली, चाकं निघाली, नळ्या सुटल्या, रॅक खाली आला. सुनेच्या केकच्या भांड्यात नटबोल्ट पडले आणि ती चार दिवस धुसफुसत राहिली. तेल अडवणाऱ्या नव्या रबरी सीलची कड रॅकच्या दांड्यावरच्या दात्यांवर फाटू नये म्हणून फोरमननी दांड्याला पातळ प्लास्टिक गुंडाळलं आणि सील तेलात बुडवून इतकं हळुवार सरकवलं, की तसा हात त्यांनी स्वतःच्या पोरांनाही कधी लावला नव्हता. सगळं परत चढल्यावर दोरी ताणून चाकं सरळ केली. आत अडकलेली हवा काढायला बायकोला स्टिअरिंगवर बसवलं.

"डावीकडे फिरव. पूर्ण. आता उजवीकडे. हळू गं, दळायचं जातं नाही ते!"

"अहो, किती हलकं झालंय," ती म्हणाली, आणि फोरमन तेलाच्या डबीतले बुडबुडे संपेपर्यंत गालातल्या गालात हसत राहिले. थेंबभर तेल गळलं तरी दिसावं म्हणून रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला.

सकाळी दाढी करून, वर्कशॉपचा जुना खाकी शर्ट घालून ते गाडीत बसले. मुलगा शेजारी बसला. नियम म्हणजे नियम, तो गप्प. स्टिअरिंग एका बोटाने फिरत होतं. फोरमननी ऐटीत गाडी फाटकाकडे घेतली. पायरीवर उभ्या बायकोने तोंड उघडलं, मुलाकडे बघितलं आणि मिटलं.

खर्रर्र.

डावा खांब. तोच, तिथेच.

मुलाने घसा खाकरला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच फोरमनना झोंबलं. "सील नीट बसलं नसेल बाबा. परत गळत असेल. होतं असं. आपण एकदा बाहेर दाखवू, किल्ली तोवर राहू दे तुमच्याकडे."

पोराने बापाला पळवाट काढून दिली होती. फक्त मान हलवायची होती. हात चुकले म्हणायचं, डोळे शाबूत म्हणायचं. वर्कशॉपमध्ये असल्या पळवाटा शोधणाऱ्या कित्येक ड्रायव्हरना फोरमननी "गाडीला तोंड नाही म्हणून तिच्यावर ढकलू नकोस" असं सुनावून घरी पाठवलं होतं.

ते खाली उतरले. गाडी रात्रभर उभी होती तिथे जाऊन वाकले, पुठ्ठा उचलून उजेडात धरला. मग मान पूर्ण वळवून त्याची डावी बाजूही बघितली. तेवढी मान वळवल्याशिवाय ती दिसतच नव्हती.

"गळतंय का हो अजून?" बायकोने पायरीवरून विचारलं. तिच्या आवाजात नवस बोलल्यासारखी आशा होती.

फोरमन पुठ्ठ्यावरून बोट फिरवत राहिले. या कडेपासून त्या कडेपर्यंत, एखादा थेंब सापडतो का बघत. पुठ्ठा ठणठणीत कोरडा होता. आयुष्यात इतकं चोख काम आपण करायला नको होतं, असं त्यांना वाटलं.

"नाही," ते म्हणाले, आणि किल्ली मुलाच्या हातात दिली.