केळ्यांच्या खोलीतलं पुस्तक

गिरधर सर स्वतः तापी ओलांडून आमच्या जैनाबादच्या घरी आले, म्हणून तर माझा विश्वास बसला. इतवाऱ्यातल्या शाळेचे ते हेडमास्तर. माझी मालू जन्मापासून आंधळी. लांबच्या अंधशाळेत राहून ती बोटांनी ठिपके चाचपत वाचायला शिकली होती.

"आशाताई, पोरीला इतकं दूर कशाला टाकता? आता सरकारची योजना आली, अशी लेकरं सगळ्यांसंगे आपल्याच शाळेत. स्पेशल मॅडम येणार, ठिपक्यांची किताबं येणार, अलग कमरा देऊ. जबान देतो."

मास्तराची जबान! मी मालूला घरी आणलं. तिकडची तिची जागा दुसऱ्या मुलीला गेली.

मॅडम आल्याच नाहीत. पुस्तकं आली, पण खोलीला कुलूप. मालू मागच्या बाकावर नुसती बसून परत यायची. एकदा म्हणाली, "माय, माझ्या कमऱ्यातून पिकल्या केळ्यांचा वास येतो."

मी हसले. "अगं, बुऱ्हाणपुरात केळ्यांचा वास कुठं नाही येत? तुझ्या बापाच्या अंगालाही येतो."

मग तपासणीला साहेब आले. सरांनी निरोप धाडला, पोरीला नवा फ्रॉक घालून आणा. खोली उघडी होती, धुतलेली. कोपऱ्यात मात्र केळीच्या वाळक्या पानांचा चुरा राहिला होता. सर आपल्या मळ्यातली केळी इथेच पिकायला घालत होते, माझ्या लेकीच्या खोलीत.

सरांनी मालूपुढे पुस्तक ठेवलं. तिची बोटं पानावरून फिरली, परत फिरली, थांबली. "माय, मी विसरली गं सगळं," ती रडवेली होऊन म्हणाली.

"घरी अभ्यास घेत नाहीत, साहेब," सर हळहळले. "अडाणी लोक, काय करणार?"

मेल्याला लाज नाही! मी पानावर हात ठेवला. अंधशाळेतल्या पुस्तकांत बाजरीच्या दाण्यांसारखे ठिपके हाताला लागायचे. हे पान सपाट होतं, चिकट. घडांच्या ओझ्याखाली सगळी अक्षरं चेपून गेली होती.

"तू नाही विसरली, मालू! यांनी अक्षरंच नाही ठेवली. हात लावून बघा, साहेब!"

साहेबांच्या हातात सरांनी दिलेलं केळं होतं, अर्धं सोललेलं. त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

मी मालूला ओढत बाहेर आणलं. तिचे डोळे पुसले.

"माय," ती म्हणाली, "तिकडं माझी जागा अजून असंल ना?"